कानसेनच्या लेकीचा कॉम्प्युटर

कपड्यांच्या कारखान्यांत त्याला सगळे कानसेन म्हणत. शिलाई मशीन दुरुस्त करणारे गावात छप्पन्न होते, पण मशीन न उघडता नुसतं ऐकून "खालचा दात झिजलाय" असं सांगणारा हा एकच. पठ्ठ्या बोलायचा कमी आणि दुसऱ्या मिस्त्रींना मोजायचा त्याहून कमी. अंगात थोडी घमेंड होती, आणि ती पचण्याइतकं काम हातात होतं.

होतं म्हणायचं कारण, गेल्या वर्षापासून त्याचा डावा कान गेला होता आणि उजव्याला बारीक आवाज लागत नव्हते. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. मशीनवर तळहात ठेवून, अंदाजाने तो वेळ मारून नेत होता. घरात कुणी काही बोललं की "हं" म्हणायचा. त्या एका "हं"वर अख्खं वर्ष निघालं. मागच्या महिन्यात कारखान्यातून तीन मशिनं परत आली, तेव्हा त्याने खुशाल तेलाला दोष दिला आणि रात्रभर तळमळत पडला. ती मशिनं अजून घरातच पडून होती.

त्याची लेक, घरातली ठमी, चित्रं हलवून सिनेमा करायचं शिकत होती. चार मिनिटांचा सिनेमा, त्यासाठी हाताने काढलेली हजारभर चित्रं, आणि तो बारा दिवसांत कॉलेजात द्यायचा. नाही दिला तर वर्ष गेलं. घरचा लॅपटॉप दहा चित्रांतच मान टाकायचा. म्हणून एका व्हिडिओवाल्याचा जुना कॉम्प्युटर पाहायला दोघं निघाली. त्याने दुकान बंद करायला काढलं होतं.

"बाबा, बाकीचं मी बघते," ठमी वाटेत म्हणाली. "पण आतून तो ठीक आहे की नाही, ते तुम्ही ऐकून सांगायचं. तुम्ही हो म्हणालात तरच घ्यायचा."

"हं," कानसेन म्हणाला. या वेळी त्याला सगळं ऐकू आलं होतं, हेच तर दुखणं होतं.

दुकानात कॉम्प्युटर आधीच चालू करून ठेवलेला. कानसेनने पत्र्यावर हात ठेवला. गरम.

"बंद करा. गार होऊ दे, मग बघू."

"अहो काका, हे काय शिलाई मशीन आहे का?" व्हिडिओवाला हसला. "पाच वाजता दुसरं गिऱ्हाईक येतंय. तो बघताक्षणी उचलेल."

"मग तोवर गार होईल."

तापवून ठेवलेलं मशीन आपली खोड लपवतं, ते कधी घ्यायचं नाही, हा त्याचा तीस वर्षांचा नेम होता. अर्धा तास तिघं थांबली. ठमी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नखं कुरतडत होती. कानसेनला बरंच वाटत होतं, कारण तेवढाच वेळ टळत होता.

साडेचारला कॉम्प्युटर सुरू झाला, पहिल्या झटक्यात. ठमीने आपला सिनेमा त्यात घातला आणि सगळ्यात जड तुकडा चालवला. पंखे जोरात फिरायला लागले. कानसेन खाली बसला आणि उजवा कान पत्र्याला लावला.

एक जाड घुमारा, बास. त्यापलीकडे काही नाही. तळहाताला थरथर लागत होती, पण चांगली की वाईट, देव जाणे. त्याने डोळे मिटले, उघडले. लेक त्याच्याकडे बघत होती. व्हिडिओवालाही हसायचा थांबला होता, बहुधा नाव ऐकून असावा.

"घे" एवढंच म्हणायचं होतं. एक अक्षर. कॉम्प्युटर बरा निघाला तर झाकली मूठ राहणार होती. नाही निघाला तर? दोष द्यायला इथे तेलही नव्हतं. त्याला ती तीन मशिनं आठवली.

"ठमे," तो म्हणाला, "मला ऐकू येत नाहीये."

"पंखा कमी करू का?"

"पंख्याचं नाही गं. माझा कानच गेलाय. वर्ष झालं."

व्हिडिओवाला उगाच एक वायर गुंडाळायला लागला. कानसेनला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. ठमीचा चेहरा लाल झाला होता, रागाने की कशाने ते त्याला कळेना. मग ती त्याच्याशेजारी फरशीवर बसली आणि तिने स्वतःचा कान पत्र्याला लावला.

"काय ऐकायचं ते सांगा."

"पंखा सोडून दे. त्याच्या खाली काय आहे?"

"घरघर आहे."

"ती राहू दे. तिच्याही खाली?"

बराच वेळ गेला. "टक असं होतंय. थांबतं. मग दोनदा टक टक."

"सारखं, का अडखळत?"

"अडखळत." तिने मान वळवली. "आणि टक झालं की पडद्यावरचं चित्रही थांबतंय."

कानसेनने व्हिडिओवाल्याकडे पाहिलं. "आत पंख्याशिवाय फिरणारं काय आहे?"

"हार्ड डिस्क," तो पुटपुटला. "जुनी आहे जरा. पण चालतेय की अजून."

ठमी उठली. "माझी हजार चित्रं त्या डिस्कवर राहणार होती." तिने पत्र्यावर बोट ठेवलं. "ती डिस्क काढून घ्या. नवी मी घालते, तिचे पैसे यातून कमी करा."

"जमणार नाही. पाचला दुसरा येतोय."

"येऊ द्या. त्यालाही टकटक ऐकवते, मगच जाते."

व्हिडिओवाल्याने घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पोरगी खरंच ठाण मांडून बसेल हे त्याने ओळखलं असावं. चडफडत त्याने पेचकस शोधला.

परतताना कानसेनने कॉम्प्युटर दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. ठमी त्याच्या डाव्या बाजूने मॉनिटर घेऊन चालत होती. त्याला वाटलं, आता ही कधीच आपल्याला काही विचारणार नाही. मग तिचे ओठ हलताना दिसले. कानसेनच्या तोंडून सवयीने "हं" निघणारच होतं. ते त्याने गिळलं.

"काय म्हणालीस?" त्याने विचारलं.

वर्षभरात पहिल्यांदाच विचारलं. ठमी थांबली, त्याच्या मागून वळसा घालून उजव्या बाजूला आली आणि जरा मोठ्याने पुन्हा म्हणाली, "ती परत आलेली तीन मशिनं उद्या सकाळी काढा. मी ऐकते."