एफ-वन आणि सचिवमामांची वही

मी कोल्हापुरात बसून दूध संस्थांसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितो आणि माझं डोकं लवकर फिरतं. आधीच सांगून टाकलेलं बरं. शाहूवाडीकडच्या एका गावातल्या संस्थेचे सचिवमामा त्याचे सगळ्यात मोठे बळी. पन्नाशी ओलांडलेला माणूस, शाळा सातवीपर्यंत, पण संस्था पंचवीस वर्षं हातानं लिहून चालवलेली. माझा प्रोग्रॅम बसला आणि चेअरमननी त्यांना महिन्याची मुदत दिली. जमलं तर ठीक, नाहीतर एक तारखेपासून कोर्स केलेलं माणूस आणतो म्हणाले.

मग काय! रोज सकाळी सहाला फोन. "सायेब, फॅटचा चौकोन लाल झालाय. फुडं जाईना की! लाईन लागलीया."

मी अर्धवट झोपेत खेकसायचो, "मामा, डोळे आहेत की बटणं? वर 'गाय' राहिलंय. 'म्हैस' करा!"

गाईच्या दुधाला सात फॅट लागत नाही, म्हणून प्रोग्रॅम अडवायचा. पण मामांना कुणाच्या गोठ्यात काय आहे ते तोंडपाठ. माणूस दारात दिसला की दूध म्हशीचं की गाईचं हे ठरलेलं. जे समोर दिसतंय ते कॉम्प्युटरला पुन्हा कशाला सांगायचं, हेच त्यांना पटत नव्हतं.

रोजच्या फोनला कंटाळून मी कीबोर्डवरच्या एफ-वन बटणावर मदतीची सोय केली. कर्सर ज्या चौकोनात असेल, त्याच चौकोनाची मदत उघडणार. मोठ्या ऐटीत लिहिलं, 'येथे दुग्धप्रकारानुसार स्निग्धांशाची वैध टक्केवारी नोंदवावी.' फोन येतच राहिले. मुदतीला चार दिवस उरले तेव्हा तणतणत गाडी काढली आणि गाव गाठलं.

मामांनी माझ्यासमोर एफ-वन दाबलं. "चारदा वाचलं सायेब. पर ह्ये कुणाला सांगतंय त्येच कळंना." मग ड्रॉवरमधून वही काढली. माझं फोनवरचं प्रत्येक उत्तर त्यांनी लिहून घेतलं होतं, शब्दाला शब्द. 'फॅट. लाल झालं तर डोळे आहेत की बटणं. वर गाय राहिलंय. म्हैस करा.' पानापानावर माझं खेकसणं. सांगण्यातलंच काहीतरी असेल, गाळलं तर चुकायचं, म्हणून तेही उतरवलेलं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "मामा, चुकलं माझं," म्हणालो.

"आवं, शिकिवणारा वरडतोच की," मामा म्हणाले.

तिथंच खुर्ची ओढून बसलो आणि माझी सगळी वाक्यं पुसली. एकेक चौकोन दाखवून मामांना विचारलं, तुम्ही दुसऱ्याला हे कसं सांगाल? ते बोलत गेले, मी टाईप करत गेलो. 'लाल झालं? भिऊ नका. वर गाय ऱ्हायली असंल. म्हैस करा.'

मुदतीच्या शेवटच्या सकाळी चेअरमन मामांच्या मागं खुर्ची टाकून बसले. मीही होतो. पाच-सहा जणांचं दूध नीट गेलं आणि चौकोन लाल झाला. माझा हात पुढं गेला, तो मीच आवरला. मामांनी एफ-वन दाबलं, ओठ हलवत वाचलं, वर जाऊन 'म्हैस' केलं. पावती निघाली.

चेअरमन वाकून वाचत होते. "ह्ये मलाबी कळतंय की! लिवलं कुणी?"

"मामांनी," मी म्हणालो.

चेअरमननी एकदा मामांकडं बघितलं. "मग दुसरं माणूस कशाला पायजे?" असं म्हणून उठले आणि चहा सांगायला गेले.

लाईनीत मामांची बायको कॅन घेऊन उभी होती. मामांनी तिला आत बोलावलं, पुन्हा एफ-वन दाबलं. "ह्ये बघ, मी लिवलंय."

"मला कुठं वाचाय येतंय?" ती म्हणाली.

मामांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, पहिल्या चौकोनापासून शेवटच्यापर्यंत. दूध घेऊन ताटकळलेली ती लाईन तोवर ऐकत उभी होती.