काका, काकू आणि लालबागचा वर्षाचा मसाला

आशावादी कोण आणि निराशावादी कोण, हे मला प्रवासाच्या पिशवीवरून ओळखता येतं असा माझा दावा होता. घरातच दोन्ही नमुने असल्यामुळे सराव भरपूर. काका एसटीत कंट्रोलर होते. 'येतेय, येतेय, मागचा थांबा सोडलाय' असं आयुष्यभर प्रवाशांना सांगून सांगून त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसलाय. ते खिशात रुमाल टाकून निघतात. काकूच्या पिशवीत लिंबू, ओवा, सुईदोरा, जादा चपला आणि काहीतरी वाईट घडणारच याची खात्री, एवढं सगळं असतं.

यंदा एप्रिलमध्ये अलिबागहून मुंबईला जायचं ठरलं ते काकूच्या छातीतल्या गाठीमुळे. परळच्या हॉस्पिटलात तपासणी आधीच झाली होती. गाठ साधी की कॅन्सरची, हे डॉक्टर दुपारी सांगणार होते.

"घरी घड्याळ बघत बसण्यापेक्षा सकाळीच निघू," काका म्हणाले. "गिरगावात नाश्ता, लालबागला तुझा मसाला, मग डॉक्टर, मग दादरला साड्या. सहलच होईल मस्त."

"शेवटची," काकू म्हणाली.

काका हसले. मीही हसले, सवयीने. दिवसभर सोबत म्हणून मी निघालेच होते.

जाणाऱ्यांसाठी सांगते: अलिबागहून मांडव्याला नेणारी बस लाँचच्या तिकिटातच धरलेली असते, आणि उन्हाळ्यात वरच्या डेकचे जादा पैसे मोजून भाजून निघण्यात काही अर्थ नाही. खाली बसा. आम्ही खालीच बसलो. काकूने प्लास्टिकच्या जाड जाड पिशव्या मांडीवर काढून ठेवल्या. लाँच लागली तर, असं मी समजले. कोणालाच लागली नाही. पिशव्या नीट घडी करून परत आत गेल्या.

गेटवेहून टॅक्सी मीटरने गिरगावात येते, घासाघीस करावी लागत नाही. तिथल्या एका जुन्या खाणावळीत थालीपीठ आणि पीयूष घेतलं. काकांनी पहिल्या घासाला सांगून टाकलं की डॉक्टर बहुतेक हसतच घरी पाठवतील. काकूने थालीपीठ उलटं करून करपलंय का ते पाहिलं. करपलं नव्हतं, म्हणून ती थोडी हिरमुसली असं मला वाटलं. माझं निदान पक्कं होत चाललं होतं.

लालबागला जाताना भायखळ्यापाशी तिने टॅक्सीच्या खिडकीतून घोडपदेवची दिशा दाखवली. तिचं माहेर तिथलं, मालवणकडून गिरणीत आलेलं कुटुंब. दर उन्हाळ्यात तिची आई याच बाजारात मसाला कुटून घ्यायची. लग्नानंतर काकूने एकही वर्ष चुकवलेलं नाही. अलिबागलाही मिरची मिळते, हे तिच्यापुढे म्हणायची आमच्यात कोणाची छाती नाही.

मसाल्याच्या गल्लीत शिरण्याआधी नाकाला रुमाल बांधा. मिरच्यांची पोती, धण्याचे ढीग, मोठ्या कढयांत चाललेली भाजणी आणि आत मसाला कुटणाऱ्या डंकी यंत्रांची धडधड. दुकानदार तुमच्यासमोर भाजून, कुटून देतो, दोनेक तास लागतात. भाव रोज हलतो म्हणून आकडा लिहीत नाही, पण आधी चार दुकानं विचारा. काकू मात्र ठरलेल्या दुकानातच जाते आणि तिथे जाऊन भांडते.

"बेडगी ओलसर वाटतेय," तिने मिरची मोडून पाहिली. "यंदा मसाला टिकायचा नाही."

"दरवर्षी हेच बोलता मावशी," दुकानदार म्हणाला. "किती करू?"

"सहा किलो. दरवर्षीसारखा."

"अगं, सहा कशाला?" काका मधेच म्हणाले, अगदी हसतमुखाने. "यंदा दोन पुरे. लागला तर परत येऊ."

"दोन किलो गणपतीपर्यंत तरी पुरतो का?"

"पुरेल गं. मी एकटा असा किती खाणार?"

बोलून गेले आणि थांबले. दुकानदाराने वजनाचा काटा उगाच पुसायला घेतला. सकाळपासून, खरं तर तपासणी झाल्यापासून, हा माणूस 'काही होत नाही' म्हणत आम्हाला धीर देत होता, आणि मनात मात्र एकट्याचं ताट वाढून मोकळा झाला होता. मला काकांची फार दया आली. काकूकडे बघायचं धाडस होईना.

काकू रागावली नाही. तिने दुसरी मिरची घेतली, मोडली, बिया तळहातावर पाहिल्या.

"मी असेन तर सहा लागतील," ती म्हणाली. "नसेन तर तुम्हाला मिरचीतलं काय कळतं? कोणीही काहीही गळ्यात मारील. सहाच कुट रे."

मसाला तयार झाल्यावर तिने त्या जाड पिशव्या काढल्या. त्या लाँचसाठी नव्हत्याच. मुंबईला शेवटची खेप म्हणून निघालेल्या बाईने घरूनच सहा किलोंची सोय करून आणली होती. पिशवीवरून माणूस ओळखायची माझी विद्या तिथेच संपली.

लालबागहून परळ जवळच. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आणि त्यांनी गोलगोल न बोलता सांगितलं. कॅन्सर आहे. गाठ लहान आहे, लवकर सापडली, पुढच्याच महिन्यात ऑपरेशन करू, नंतर औषधं.

"म्हटलं नव्हतं मी?" काकू आमच्याकडे वळून म्हणाली.

काका बाहेरच्या बाकावर बसले ते उठेचनात. काकूने लिंबू कापलं, बाटलीत पिळलं, त्यांना पाजलं. "लहान आहे म्हणाल्या ना त्या," ती त्यांना सांगत होती. "ऐकलंत ना नीट?" काका लहान मुलासारखे मान हलवत होते.

दादरला आम्ही गेलो, ठरलं होतं म्हणून. साड्यांऐवजी पुढून बटणांचे गाऊन घेतले, ऑपरेशननंतर हात वर जात नाही म्हणून. काकूने शिवण ओढून ओढून पाहिली आणि हे दोन धुण्यांत उसवतील असं दुकानदाराला सांगितलं. रात्री एसटीने परतलो. बायकांना अर्धं तिकीट आहे, विसरू नका. मसाल्याच्या वासाने अर्धी बस शिंकत होती. एरवी काकांनी कंडक्टरशी ओळख काढून पनवेलपर्यंत गप्पा ठोकल्या असत्या. त्या रात्री ते मसाल्याच्या पिशव्या पायांत धरून बसून होते.

आता दिवाळी होऊन गेलीय. ऑपरेशन नीट झालं, औषधं चालू आहेत, गाऊन अजून उसवलेले नाहीत. पुढचं कोणी छातीठोक सांगत नाही, काकासुद्धा नाहीत. मसाला हिंगाचे खडे घालून बरण्यांत भरलाय. काकूच्या तोंडाला मधे चव नव्हती तेव्हा काका रोज त्याच मसाल्याची आमटी करून तिला चमचाभर चाखवायचे. ती रोज नावं ठेवायची.

गेल्या रविवारी मी जेवायला गेले होते. काकूने स्वतः कालवण केलं होतं. तिने एक घास खाल्ला आणि तोंड वाकडं केलं.

"मसाला जळकाच झालाय. पुढच्या वर्षी बेडगी दुसरीकडून घ्यायची. पण मिळायची नाही चांगली, बघाल तुम्ही."

काकांचा हात ताटातच थांबला.

"काय म्हणालीस?"

"पुढच्या वर्षी चांगली मिरची मिळायची नाही म्हटलं. ऐकू येत नाही का?"

"परत म्हण," काका म्हणाले.