चुड्याच्या रंगाची सीट

कापड असो की पिशवी, बाई आधी उलटी करून अस्तर बघायच्या. "बाहेरचं लोकांसाठी असतं गं, आतलं आपल्या अंगाला लागतं," म्हणायच्या. मळवलीला त्यांचा बंगला. मी तिथं स्वयंपाक आणि झाडलोट करायचे. साहेब होते तोवर बाई गाडीत कायम मागे बसत. साहेब गेले त्याच वर्षी त्यांनी दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार ठरवली. बाहेरून काळी. आतला रंग मात्र ठरेना.

शोरूमचा माणूस चामड्याचे तुकडे घेऊन आला. पुण्याहून बाईंचा मुलगा, आशिषदादाही आले. बाईंनी सगळे तुकडे बाजूला सारले.

"मला हिरवा हवा. चुड्याचा हिरवा."

दादांचा चेहरा उतरला. "आई, बाबांचं वर्षश्राद्ध व्हायचंय अजून. हातातला चुडा उतरवलास, आता गाडीत भरणार? काका, आत्या काय म्हणतील?"

"त्यांना बसायला मागे जागाच नाही," बाई म्हणाल्या.

मी हसू पदरात दाबलं. दादा हसले नाहीत.

शोरूमचा माणूस हळूच म्हणाला, "मॅडम, असा हिरवा आमच्यात नाही. नमुना दिलात तर करून मिळेल. पण ऑर्डर आजच पाठवायचीय."

"नमुना नाही. काळा लिहा," दादा म्हणाले.

बाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं. मी हात पदराखाली घेतला.

"सखू, एक बांगडी देतेस?"

सवाशिणीनं चुड्यातली बांगडी अशी काढायची नसते. त्यातून फुटली तर? माझे मालक त्या वेळी ट्रक घेऊन घाटात होते. "बाई, सासूबाई घरात घ्यायच्या न्हाईत," मी म्हणाले.

"मग राहू दे. तुझ्या जिवाला घोर नको." बाईंनी सहीसाठी पेन उचललं. टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं.

मी मोरीत गेले. साबण लावून बांगडी ओढली. ती हाडावर अडकली, काच करकरली. देवाचं नाव घेतलं आणि ओढली. सालपट निघालं, बांगडी शाबूत राहिली.

"काढलेली न्हाई, उसनी दिलीय," बाहेर येऊन मी म्हणाले. "रंग घेतला की परत पायजे."

बाईंनी बांगडीला बोटही लावलं नाही. "तूच दे त्यांच्या हातात. माझा हात लागला तर तुला रात्री झोप येणार नाही." दादा उठून गेले.

आधी माझी बांगडी परत आली, मग गाडी आली. बाई मला शेजारी बसवून जुन्या हायवेनं लोणावळ्याला न्यायच्या. मी दाराची मूठ घट्ट धरली की म्हणायच्या, "भ्यायचं असेल तर खाली उतरून भी, गाडीत नाही."

यंदा बाई गेल्या. दादा गाडी विकायला आले. गिऱ्हाईक आत डोकावून म्हणालं, "सौदा पक्का. फक्त ह्या हिरव्या सीटा काळ्या करून घेतो."

दादांनी त्याच्या हातातली किल्ली काढून घेतली. "मग नाही द्यायची," म्हणाले, आणि आत बसून दार लावून घेतलं.