हो की नाही

साठच्या दशकातल्या एका उन्हाळी सुट्टीत मी नंदुरबारच्या दवाखान्यात काम केलं. एरवी मी शाळामास्तरीण. मुंबईहून मानसिक आजारांचे एक डॉक्टर आले होते, त्यांना बायकांना प्रश्न विचारायला बाई हवी होती. छापील कागदावर चाळीस प्रश्न, पुढे 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन. आहे तसा प्रश्न वाचायचा, समजावून सांगायचं नाही, ही सक्त ताकीद.

"एकाच रोग्याला तीन डॉक्टर तीन आजार सांगतात," ते म्हणाले. "सगळ्यांना सारखंच विचारलं तरच हे थांबेल."

मला ते पटलं होतं.

तिसऱ्या दिवशी रनाळ्याची एक सून आली, विशीतली. सासू बाहेर ओट्यावर बसली. पुस्तकी मराठी त्या मुलीच्या डोक्यावरून जात होती. अहिराणीत विचारलं असतं तर मोकळी बोलली असती, पण मी कागद वाचत राहिले. बऱ्याच प्रश्नांना ती नुसती बघायची आणि मान हलवायची.

"तुमच्या अन्नात कोणी काही मिसळते असे वाटते का?"

हा मात्र तिला नीट कळला. "हो. मन्ही सासू टाकस."

मी 'हो'वर खूण केली. पण मला राहवेना. पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेले आणि सासूला सरळ विचारलं. ती जराही बिचकली नाही. पदराची गाठ सोडून तिने पुडी दाखवली.

"भगतनी दियेल पूड शे, बाई. पोर गयं तवयपाईन ती जेवस नही. बरी व्हावाले टाकस मी."

महिन्याचं मूल गेलं होतं, तेव्हापासून सुनेचं जेवण तुटलं होतं. चाळीस प्रश्नांत त्याबद्दल एकही नव्हता.

मी पुडी घेऊनच डॉक्टरांकडे गेले. "साहेब, ती खरं बोलतेय. हा संशय नाही."

त्यांनी पुडी हुंगली, कपाळाला आठ्या घातल्या. "असेल. पण एकीसाठी नियम बदलला तर बाकीच्यांची उत्तरं फुकट जातील. कागदाच्या मागे लिहून ठेवतो."

त्यांनी दोन ओळी लिहिल्याही. मुंबईत खुणा मोजताना मात्र कोणी कागद उलटून पाहिला नसावा. महिन्याभराने तिच्या घरी पत्र आलं, तिला वेड्यांच्या इस्पितळात न्या. नवरा घेऊन गेला. मी डॉक्टरांना दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. स्वतःचा इतका राग मला क्वचितच आला असेल. खूण माझ्याच हाताने झाली होती.

पुढच्या वर्षी मिरची बाजारात ती मला दिसली. तोंडाला फडकं बांधून मिरच्या निवडत होती. मला ओळखून तिने फडकं खाली केलं.

"कशी आहेस? कधी सोडलं तुला?"

"तठे बी तेच इचारेत, बाई. तोच कागद. मी समदासले 'नही' सांगं. मंग माले सोडी दिनं."

ती हसली. मला हसू येईना.

"आणि बाळाचं? कोणी विचारलं का?"

तिने नकारार्थी मान हलवली. मग मिरच्यांच्या ढिगाशेजारी, ठसक्याने डोळे चुरचुरत असताना, मी तिला अहिराणीत विचारलं. मुलगा होता की मुलगी, कोणावर गेलं होतं, काय झालं होतं. मुकादम ओरडेपर्यंत ती बोलत होती.