देवराईतली घंटा

गेल्या भाद्रपदात आम्ही दोघं नवरा-बायको सायकलवरून सह्याद्रीचे घाट पालथे घालत होतो. नाशिकहून निघालो होतो, महाबळेश्वर गाठायचं होतं. नोकरीतून मोकळं झाल्यावर लोक काशीला जातात, आमच्या ह्यांनी सायकली घेतल्या! मी बरोबर गेले खरी, पण मन थाऱ्यावर नव्हतं. आईच्या आजारपणात मी देवापुढे रोज पदर पसरला होता आणि तरी आई गेलीच. तेव्हापासून देवघरात दिवा लावायचे तो हाताच्या सवयीने. काही मागावंसं वाटत नव्हतं, आणि कोणी ऐकतं असंही वाटत नव्हतं.

लोणावळ्याजवळ कुरवंड्याला पोचलो तेव्हा पोटऱ्यांचे गोळे झाले होते. एक दिवस मुक्काम आणि फक्त विश्रांती, असं ठरलं. पण ह्यांची विश्रांती म्हणजे दुर्बीण गळ्यात अडकवून रान धुंडाळणं. गावाबाहेर कड्याच्या अलीकडे देवीची राई आहे आणि तिथे शेकरू दिसतं, असं कोणीतरी सांगितलं. तांबूस रंगाची, झुपकेदार शेपटीची ती मोठी खार पाहायची ह्यांची फार वर्षांची हौस. सकाळीच निघालो. राईच्या तोंडाशी रिवाजाप्रमाणे चपला काढल्या. राईतल्या देवळाशी पोचल्यावर माझा हात आपसूक घंटेकडे गेला, तर ह्यांनी तो वरच्यावर धरला. "वाजवू नकोस, शेकरू पळेल!" मीही हात खाली घेतला. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटलं. देवीला आल्याची वर्दीच द्यायची नाही, म्हणजे पुढचं बोलणंही टळलं.

वर कुठेतरी पानं हलली. 'तू इथेच थांब' अशी खूण करून हे अनवाणीच झाडांमागे दिसेनासे झाले, तेही कड्याच्या बाजूला. तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं आणि बघता बघता देवळाची पायरीही दिसेना. मी हाका मारू लागले, "अहो! अहो!" दरी माझंच "अहो" मला परत करत होती, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. जन्मात ह्यांना नावाने हाक मारली नव्हती, तीही मारून झाली. उत्तर नाही. पुढे कडा आहे, एवढंच डोक्यात घुमत होतं.

धुक्यातून एक म्हातारी मावशी काठी टेकत आली. मी रडत रडत सगळं सांगितलं.

"वरडू नका, ताई. दरीत आवाज फसवतोय. घंटा वाजवा."

"घंटा?" मी चाचपडत देवळाशी गेले.

"आवं, धुकं आलं की आमी हेच करतो. माजी म्हस बी तिकडंच गेलीया, ती घंटंवरच माघारी येती. हात थांबवू नका."

मी वाजवत राहिले. खांदा भरून आला तरी वाजवत राहिले. आईच्या वेळी मी देवाला सगळं नीट समजावून सांगायचे. त्या दिवशी शब्दच नव्हते, नुसता हात चालला होता. 'आता तूच बघ,' एवढंच मनात येत होतं.

आधी म्हैस आली. आणि तिच्यामागे, तिच्या पाठीवर हात ठेवून, हे! पाय चिखलाने माखलेले, चेहरा पांढराफटक. तेव्हा कुठे मी घंटा सोडली. मग कळलं, धुक्यात देऊळ समोर आहे असं समजून हे नेटाने चालत होते, आणि घंटा ऐकू आली ती पाठीमागून. थांबले, तेव्हा पायाखालचं गवत संपून कड्याचा ओला कातळ लागला होता. वळले, तर ही म्हैस घंटेच्या दिशेने निघालेली.

हे त्याला योगायोग म्हणतात. म्हणोत बापडे.

मावशीच्या पायांवर डोकं ठेवायला गेले, तर ती अवघडून म्हणाली, "माज्या कशाला, देवीच्या पडा." कितीतरी महिन्यांनी मी मनापासून वाकले. उठेपर्यंत धुकं विरळ झालं होतं; वर नजर गेली आणि मी ह्यांचा हात दाबला. घंटेच्या बरोब्बर वरच्या फांदीवर शेपटी खाली सोडून शेकरू बसलं होतं, निवांत फळ कुरतडत.

"अरे, पळालं नाही हे?" हे पुटपुटले.

मावशी हसली. "पळतंय कशाला? जल्मल्यापास्नं घंटा ऐकतंय ते." आणि म्हशीला हाकत ती निघून गेली.

आईसाठी मागितलेलं मिळालं नाही, ते अजून दुखतं. पण ऐकणारं कोणी नाही, असं आता म्हणवत नाही. दुसऱ्या दिवशी निघताना सायकली बाहेर उभ्या करून आम्ही पुन्हा राईत गेलो. दुर्बीण ह्यांनी सायकललाच अडकवून ठेवली होती. देवळाशी पोचल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि घंटेपाशी नेला.