शेपटीचा डबा मधोमध

१९५८च्या मे महिन्यात ल्यूशियस पेटवे बायकोला घेऊन 'प्रेअरी ॲरो'त चढला. नोकरीतून निवृत्त होऊन त्याला जेमतेम महिना झाला होता. शिकागोहून सकाळी निघणाऱ्या ह्या गाडीच्या शेपटीला गोल काचांचा डबा असे. त्याच डब्यात ल्यूशियसने एकवीस वर्षं प्रवाशांना कॉफी दिली आणि दर फेरीला काचा व्हिनेगरने लख्ख पुसल्या. घरी आला की तेच पुराण. "ऑर्लीन, मिसिसिपीचा पूल मागे सरकताना एकदा बघच. निवृत्तीचा पास मिळू दे, मधली खुर्ची तुझी!"

ती खुर्ची आज रिकामी होती. ऑर्लीन बसली आणि ल्यूशियस जागच्या जागी थिजला. काचेपलीकडे रूळ नव्हतेच. वीतभर अंतरावर दुसऱ्या डब्याचं चिखलाने माखलेलं दार होतं.

दर फेरीनंतर हा डबा यार्डात फिरवून पुन्हा शेवटी जोडावा लागतो. अर्ध्या तासाचं काम. नव्या साहेबांना तेवढंही जड झालं, म्हणून दिला ढकलून गाडीच्या मधोमध! घराला मोठी खिडकी करायची आणि तिच्यासमोर भिंत बांधायची, ह्याला अक्कल म्हणतात का?

"हेच का रे ते?" ऑर्लीनने विचारलं. "ह्या दाराचं कौतुक ऐकवत होतास मला?"

ल्यूशियसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर 'होय साहेब' म्हणणारा माणूस कंडक्टरवर खेकसला, "हॅलोरनसाहेब, काय तमाशा लावलाय हा?"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत! दुसरं काय ठेवलंय तुम्ही त्यांना बघायला?"

हॅलोरन ओशाळला. "मला कोण विचारतो रे? वरून हुकूम आला. जा, सगळ्यात मागच्या दाराला काच आहे. तिथून दाखव बाईंना."

पाच डबे ओलांडून दोघं तिथे पोचली. काच घडी घातलेल्या वर्तमानपत्राएवढी. ऑर्लीन टाचा उंचावून बघू लागली. तेवढ्यात पूल आला. खाली तपकिरी पाणी पसरलेलं, आणि रूळ लांब जात जात एक झालेले. ती काचेला नाक लावून बघत राहिली. ल्यूशियसची मात्र धुसफूस चालूच.

"हे असं बघायचं असतं का? उभ्याने, मान वाकडी करून? मऊ खुर्ची हवी, हातात कॉफी हवी..."

"तू कुठल्या खुर्चीत बसायचास?" तिने न वळता विचारलं.

"मी? छे! आम्हा नोकरांना बसायची मनाई. डबा रिकामा असला तरी उभंच राहायचं."

ऑर्लीनने काच सोडली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"एकवीस वर्षं? आणि आज तू भांडलास तो डब्यासाठी?"

 स्वतःसाठीचा राग ल्यूशियसला आजवर कधी आलाच नव्हता. आता आला, आणि पूल मागे पडला तरी ओसरेना.