हैतबॉयचा खमंग ट्रक

आमच्या उझबेकिस्तानातल्या मार्गिलानमध्ये हैतबॉयसारखा ड्रायव्हर नाही, असं हैतबॉय स्वतःच सांगायचा. दुसरं कुणी सांगेना, मग बिचारा काय करणार? तीस वर्षं एकच ट्रक, आणि त्याच्या पोटात यानं काय काय ओतलं नव्हतं! कापूस वेचणीच्या दिवसांत सगळं डिझेल शेतातल्या यंत्रांना जातं, पंपावर नुसती रांग उरते. पण म्हणून थांबेल तो हैतबॉय कसला?

यंदा त्याची नजर कोठीतल्या चार डब्यांवर गेली. सरकीचं तेल. लेकीच्या लग्नातल्या पुलावासाठी त्याच्या बायकोनं, ओयनिसानं, राखून ठेवलेलं. लग्न शुक्रवारी. "दोनच डबे घेतो, गुरुवारपर्यंत भरून ठेवतो. तिला कळतंय कशाला!" असं पुटपुटत त्यानं दोन डबे घाईघाईनं टाकीत उपडे केले.

आणि ट्रक पळाला की हो! फक्त धूर असा खमंग सुटला, की गल्लीतली माणसं दारात आली. आमच्याकडे तेल तापल्याचा वास आला म्हणजे कढई चढली, आणि कढई चढल्यावर आमंत्रणाची वाट कोण बघतो? हैतबॉय घरी पोचला तेव्हा मागे वीस शेजारी होते. सगळ्यांत पुढे टोपी सावरत पलीकडच्या घरातले वडीलधारे तोख्ता आका.

"काय रे, लग्न शुक्रवारी ना? मग आजच पुलाव? आम्हाला बोलवायचं तरी!"

दारी आलेल्याला उपाशी पाठवायचं म्हणजे नाकच कापून घ्यायचं. हैतबॉयच्या तोंडचं पाणी पळालं. आता ओयनिसा कोठीत जाणार, डबे बघणार, लेकीच्या लग्नाच्या तोंडावर घरात महाभारत होणार. त्यानं तिला अंगणातच गाठलं.

"अगं, ऐक ना. तुझं तेल... मी ट्रकात घातलं. चुकलो बघ."

"ठाऊक आहे." ओयनिसा ओढणीत तोंड खुपसून हसत होती. "ते बाजारातल्या तळणीचं उरलेलं तेल होतं, अहो. मीच ठेवलं होतं कोठीत."

"आणि आपलं?"

"महिना झाला, तोख्ता आकांकडे आहे. तुमचा ट्रक दारात असताना मी लग्नाचं तेल घरात ठेवीन होय?"

हैतबॉयला इतकं हायसं वाटलं, की रागावायचंच राहून गेलं. तोवर तोख्ता आकांनी झग्याच्या आतून त्याच तेलाची बाटली काढून कढईजवळ ठेवली.

"बस खाली," ते म्हणाले, "आणि गाजरं बारीक चिर. शुक्रवारी चार मण चिरायची आहेत तुला एकट्याला. ओयनिसानं ठरवलंय तसं."